लिमिटेड एडिशन प्रिंट हाती आली आहे? तिचा अर्थ आणि बाजारभाव असा काढा

कागदाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ४२/१५०, उजवीकडे गिचमिड सही. प्रिंट कुणी भेट दिलेली असते, वारशात आलेली असते किंवा हौसेने घेतलेली. मग दोन प्रश्न पडतात: या चित्रात नेमकं आहे काय, आणि याचे किती येतील? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक जण थेट इंटरनेटवर शोधतात. तिथे एकाच कलाकाराच्या नावाखाली शंभर पटींच्या फरकाचे आकडे दिसतात आणि डोकं चक्रावून जातं.

माझी या सगळ्यात बरीच चाचपडून झाली आहे, म्हणून क्रम सांगतो. भाव सर्वांत शेवटी काढायचा. आधी हातातली वस्तू कोणती हे पक्कं करायचं. भावाचे अंदाज चुकतात ते बहुधा आपल्या प्रिंटची तुलना भलत्याच प्रिंटशी केल्यामुळे.

हाताशी काय हवं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- छोटी टॉर्च (उजेड बाजूने, तिरका पाडण्यासाठी)
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात. सुती हातमोज्यांचा आग्रह नको, त्यांत कागदाची कड जाणवत नाही आणि कागद दुमडतो
- फोटोसाठी मोबाईल
- असतील तेवढी कागदपत्रं: पावती, गॅलरीचं पत्र, सर्टिफिकेट, फ्रेमच्या पाठीवरची लेबलं

प्रिंट फ्रेममध्ये असेल तर काचेवरून काहीच ठरवू नका. स्वतः उघडायची धास्ती वाटत असेल तर जाणत्या फ्रेमवाल्याकडून उघडून घ्या. जुनी पाठ तो केराच्या टोपलीत टाकणार नाही यावर मात्र डोळा ठेवा. कित्येकदा गॅलरीचं नाव आणि साठ्याचा क्रमांक त्या पाठीवरच चिकटवलेला असतो.

१. मूळ प्रिंट की छापील प्रतिकृती?

सर्वांत मोठा फरक इथे पडतो. कलाकाराने छापण्यासाठीच धातूच्या प्लेटवर, लाकडावर, दगडावर किंवा जाळीच्या स्क्रीनवर काम केलं आणि त्यातून कागद काढले, तर ती मूळ प्रिंट. तिच्यामागे वेगळं 'खरं' चित्र नसतं. दीडशे कागद निघाले तर दीडशेही मूळच. उलट एखाद्या तैलचित्राचा फोटो काढून तो ऑफसेटवर किंवा इंकजेटवर छापला आणि खाली क्रमांक टाकून सही केली, तर ती मर्यादित संख्येतली प्रतिकृती. दोन्हींना विक्रेते लिमिटेड एडिशनच म्हणतात आणि दोन्हींवर पेन्सिलीची सही असू शकते, त्यामुळे नवा माणूस हटकून फसतो.

भिंग लावून बघा:

- ऑफसेट: निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ठरावीक जाळीत, गोलाकार गुच्छांत दिसतात.
- इंकजेट (बाजारातलं भारदस्त नाव जिक्ले): अतिशय बारीक, विस्कळीत ठिपके, जाळी नाही.
- स्क्रीनप्रिंट: रंग सपाट आणि भरीव. तिरक्या उजेडात शाईचा थर आणि त्याची कड कळते.
- एचिंग, अ‍ॅक्वाटिंट, ड्रायपॉइंट (धातूच्या प्लेटवर आम्लाने किंवा सुईने काढलेल्या): प्लेट दाबल्याची चौकट कागदात रुतलेली असते आणि शाईच्या रेषा किंचित उठावदार असतात.
- लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेला): खडूने काढल्यासारखा दाणेदार पोत. प्लेटची चौकट नाही, ठिपक्यांची जाळीही नाही.
- वुडकट, लिनोकट (लाकूड किंवा लिनोलियम कोरून छापलेल्या): छापलेल्या आकाराच्या कडेला शाई दाटलेली, आणि बऱ्याचदा कागदाच्या पाठीवर दाब जाणवतो.

काही तंत्रांत एकाच आवृत्तीतले कागद हुबेहूब जुळत नाहीत आणि ते अपेक्षितच असतं. पॅरिसच्या 'आतेलिए १७' या प्रिंटच्या कार्यशाळेत स्टॅनली हेटर, कृष्ण रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या विस्कॉसिटी पद्धतीत कमी-जास्त दाट शाया एकाच प्लेटवर चढवून अनेक रंग एका दाबात काढतात. अशा प्रिंटचा रंग कॅटलॉगातल्या फोटोपेक्षा थोडा वेगळा दिसला म्हणून दचकू नका.

आणि ठिपके दिसले की रद्दी, असंही समजू नका. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने २०११ मध्ये आयपॅडवर काढलेली इंग्लंडमधल्या वोल्डगेटच्या वसंताची चित्रं इंकजेटवरच छापलेली आहेत, २५-२५ प्रतींत, आणि लिलावात ती भल्याभल्या एचिंगना मागे टाकतात. ती मुळात पडद्यावर, छापण्यासाठीच काढलेली होती. तेव्हा यंत्र कोणतं हे कळल्यावर पुढचा प्रश्न विचारा: या कागदाच्या आधी हेच चित्र दुसऱ्या कुठल्या रूपात पूर्ण झालेलं होतं का? याला अपवाद आहेत. जपानी कलाकार ताकाशी मुराकामीच्या ३०० प्रतींच्या सही केलेल्या ऑफसेट प्रिंट लिलावात नेमाने विकल्या जातात. तिथे नावाची मागणीच इतकी आहे की तंत्राकडे फारसं कुणी बघत नाही.

२. खालच्या कडेवर काय लिहिलंय

४२/१५० म्हणजे दीडशेच्या आवृत्तीतला बेचाळीस क्रमांकाचा कागद. १/१५० जास्त मोलाचा असतो हा समज पक्का रुजलेला आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा आहे. कागद छापून वाळत घालतात, मग त्यांचा गठ्ठा होतो, आणि कलाकार बसून क्रमांक टाकत सही करत जातो. छपाईचा क्रम तोपर्यंत मोडलेला असतो. ड्रायपॉइंटमध्ये मात्र आधीच्या आणि नंतरच्या छापांत खरा फरक पडतो. सुईने तांबं ओरखडलं की रेषेच्या बाजूला धातूची बारीक कोर उठते, ती शाई धरते आणि मखमली काळा देते. प्रत्येक दाबाला ती कोर झिजते. तिथेसुद्धा क्रमांकापेक्षा समोरच्या कागदावरचा काळा रंग बघा.

अपूर्णांकाऐवजी रोमन लिपीतली अक्षरं असतील तर:

- ए.पी. किंवा फ्रेंचमध्ये ई.ए.: कलाकाराच्या वाट्याच्या प्रती, साधारण आवृत्तीच्या दहा टक्के
- पी.पी.: छपाई करणाऱ्याला मिळालेल्या
- एच.सी.: विक्रीबाहेरच्या, नमुन्यासाठी किंवा भेटीसाठी ठेवलेल्या (व्यवहारात यासुद्धा विकल्या जातात)
- बी.ए.टी.: कलाकाराने 'असंच छापा' म्हणून मंजूर केलेला कागद. हा सहसा एकच असतो, म्हणून संग्राहकांचा लाडका

कागदाच्या कोपऱ्यात शाईविना उठवलेला छोटा शिक्का आहे का तेही तिरक्या उजेडात शोधा. तो छापखान्याचा किंवा प्रकाशकाचा असतो. टॅमरिंड, जेमिनी जी.ई.एल., क्राउन पॉइंट प्रेस अशा नामांकित कार्यशाळांच्या नोंदी उपलब्ध असल्यामुळे एका शिक्क्यावरून निम्मं काम होतं.

३. एकूण कागद किती, याची बेरीज करा

तिरक्या रेघेखालचा आकडा म्हणजे एकूण संख्या नव्हे. १५० ची आवृत्ती, १५ ए.पी., ५ पी.पी., १० एच.सी. आणि वेगळ्या कागदावर रोमन अंकांत क्रमांक घातलेल्या आणखी ३०, की झाले २१०. यात लबाडी काहीच नाही, पण हे नोंदलेलं असायला हवं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कागद कधी छापला. स्पॅनिश चित्रकार गोयाची 'लोस काप्रिचोस' ही ८० प्लेटांची मालिका १७९९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्लेटा टिकल्या आणि त्यांच्यापासून नव्या आवृत्त्या थेट १९३७ पर्यंत निघत राहिल्या. प्लेट तीच, चित्र तेच, पण गोयाच्या हयातीतल्या पहिल्या आवृत्तीचा भाव आणि विसाव्या शतकातल्या कागदाचा भाव यांची तुलनाच होत नाही. म्हणून आजच्या आवृत्त्यांत छपाई संपल्यावर प्लेटवर ओरखडा मारून ती रद्द करण्याची पद्धत आहे.

नव्या काळातलं सगळ्यांत गोंधळाचं उदाहरण म्हणजे अमेरिकन पॉप कलाकार अँडी वॉरहॉलची 'मॅरिलिन', म्हणजे नटी मॅरिलिन मन्रोचा चेहरा. १९६७ चा अधिकृत संच दहा स्क्रीनप्रिंटचा, प्रत्येकी २५० प्रती, शिवाय ए ते झेड अक्षरं घातलेल्या २६. त्यानंतर १९७० पासून 'संडे बी. मॉर्निंग' या नावाने युरोपातून तशाच मॅरिलिन येऊ लागल्या. मागे शिक्का: तुमची सही तुम्हीच करा. त्यांतल्या काहींवर वॉरहॉलने 'हे माझं नाही' असं लिहून खाली सही केली, हा त्याचा खास मिश्कीलपणा. भिंतीवर दोन्ही सारख्याच दिसतात, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. 'वॉरहॉल मॅरिलिन स्क्रीनप्रिंट' एवढंच शोधलंत तर दोन्हींचे आकडे एकत्र येतात.

वेळेने मर्यादित केलेल्या आवृत्त्या ही अलीकडची टूम. २०२१ मध्ये ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टची चेरीच्या बहराची आठ चित्रं ठरावीक मुदतीत मागेल त्याला विकली आणि एकूण ७,४८१ प्रती खपल्या. कागदोपत्री मर्यादित, पण संख्या लक्षात ठेवूनच भावाचा विचार करा.

४. सही तपासा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका

पेन्सिलीची खरी सही तिरक्या उजेडात चकाकते, आणि भिंगातून शिसं कागदाच्या उंचवट्यांवर बसलेलं, खोलगट जागी तुटलेलं दिसतं. छापील सही ठिपक्यांत फुटते किंवा एकसारखी मॅट दिसते. चित्राच्या आतच, प्लेटवर केलेली सही ही हाताची सही धरत नाहीत.

सही असण्या-नसण्याने भाव किती हलतो? नाव गुप्त ठेवणारा ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सी याच्या 'गर्ल विथ बलून'च्या सही केलेल्या प्रती १५० आणि बिनसहीच्या ६००. चित्र एकच, आणि सहीवाल्या प्रतीला कित्येक पट जास्त मिळतात.

आता उलटी बाजू. स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दालीने कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून दिल्या. त्यावर पुढे कुणी काय छापलं याचा हिशोब राहिला नाही. सही अस्सल आणि प्रिंट बनावट, अशी जोडी त्यामुळे खुशाल संभवते. दालीच्या उत्तरकाळातल्या प्रिंटना बाजार आजही बिचकतो.

५. चित्राचा अर्थ लावा

विक्रेत्याचं वर्णन वाचण्याआधी स्वतः दोन ओळी लिहा: काय दिसतंय, आणि काय खटकतंय. मग शीर्षक, साल आणि मालिका शोधा. एकटा कागद कधीकधी काहीच बोलत नाही आणि मालिकेतल्या बाकीच्यांशेजारी ठेवला की उलगडतो.

मॅरिलिनकडेच पुन्हा बघा. चेहरा १९५३ च्या 'नायगारा' चित्रपटाच्या जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोतला. ऑगस्ट १९६२ मध्ये मॅरिलिन मन्रो गेली आणि वॉरहॉलने तो फोटो उचलला. आधी कॅनव्हास केले, पाच वर्षांनी प्रिंट केल्या. ओठांचा रंग ओठांच्या रेषेवर बसत नाही, पापण्यांवर निळ्या-हिरव्याचा सपाट तुकडा ठेवून दिल्यासारखा दिसतो. दहा कागदांत चेहरा तोच, रंग मात्र एखाद्या मालाच्या वेष्टणासारखे बदलत जातात. छापून छापून माणसाची वस्तू झाली, हे सांगायला छपाईखेरीज दुसरं माध्यम चाललंच नसतं. चांगल्या प्रिंटबाबत हा प्रश्न नेहमी विचारावा: हे चित्र छापलेलं आहे म्हणून काही जास्त बोलतं का?

या वाचनाचा भावाशी सरळ संबंध आहे. कलाकाराची ओळख ज्या प्रतिमेने झाली तिला मागणी असते. त्याच वर्षीची, तेवढ्याच प्रतींची, पण त्याच्या कामात कडेला पडलेली प्रतिमा अर्ध्याहून कमी भावाला जाऊ शकते. प्रतींची संख्या कमी म्हणजे किंमत जास्त, हे गणित म्हणूनच फसतं. जो कुणालाच नको आहे त्या कलाकाराची १० प्रतींची आवृत्तीसुद्धा पडून राहते.

आणि सर्टिफिकेटवर 'आत्म्याचा अंतर्यामी प्रवास' छापाचा मजकूर असेल तर तो सरळ सोडून द्या. तो कुठल्याही चित्राखाली चालतो.

६. कागदाची तब्येत

लिलावात दोन प्रतींच्या भावातला फरक बहुधा इथून येतो.

चित्राभोवती सरळ तपकिरी रेघ दिसत असेल तर ती आम्लयुक्त माउंटबोर्डाने (फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात त्या पुठ्ठ्याने) कागद जाळल्याची खूण. माउंटखाली झाकलेली पट्टी आणि उघडा भाग यांचे रंग शेजारी ठेवून बघा. फिक्कट पडलेला लाल किंवा जांभळा तिथे लगेच पकडला जातो. तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग. पाठीवर चिकटपट्टीचे पिवळे डाग शोधा. टॉर्च बाजूने फिरवली की कागद पकडताना पडलेल्या चंद्रकोरीसारख्या सुरकुत्या दिसतात.

पट्टीने पूर्ण कागद मोजा आणि कॅटलॉगातल्या मापाशी ताडून पाहा. फ्रेममध्ये बसवण्यासाठी कडा कापलेल्या असतील तर भाव जोरात पडतो, आणि तो परत आणता येत नाही. प्रिंट बोर्डावर पूर्ण चिकटवलेली असेल तरी तेच.

स्वतः काहीही साफ करू नका, चिकटपट्टी ओढू नका, खोडरबर लावू नका. हे काम कागदाच्या संवर्धकाचं.

७. कागदपत्रं जमवा

- पहिल्या खरेदीची पावती (तारीख, शीर्षक आणि क्रमांकासह)
- प्रकाशकाची किंवा छापखान्याची आवृत्ती-नोंद: तंत्र, कागद, सर्व प्रकारच्या प्रतींची संख्या
- कलाकाराच्या प्रिंटचा सविस्तर कॅटलॉग असेल तर त्यातला क्रमांक (वॉरहॉलच्या १९६७ च्या मॅरिलिनना फेल्डमन-शेलमन यांच्या यादीत दोन-२२ ते दोन-३१ हे क्रमांक आहेत)
- मधल्या मालकांचा माग: लिलावाची पत्रं, प्रदर्शनाची लेबलं

सर्टिफिकेटचं मोल ते कुणी दिलंय यावर ठरतं. बँक्सीसाठी २००८ मध्ये सुरू झालेलं 'पेस्ट कंट्रोल' हेच प्रमाणपत्र देणारं एक कार्यालय. दुसऱ्या कुणाचा कागद बाजार मानत नाही. वॉरहॉलच्या बाबतीत खरं-खोटं ठरवणारं मंडळ २०१२ मध्ये बंद झालं, त्यामुळे तिथे कॅटलॉग आणि मालकीचा माग यांवरच काम भागवावं लागतं. विकणाऱ्याने स्वतःच घरी छापलेलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र म्हणजे त्याचा स्वतःचा शब्द, त्यापलीकडे काही नाही.

विकत घेत असाल तर आवृत्तीची माहिती लेखी मागा. कॅलिफोर्नियासारख्या काही ठिकाणी विक्रेत्याला ती देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

८. आता भाव

आर्टनेट, आर्टप्राइस, म्युच्युअलआर्ट यांसारख्या ठिकाणी लिलावाचे निकाल मिळतात, काही पैसे भरून तर काही फुकट. शोधताना अटी कडक ठेवा: तीच प्रतिमा, तीच आवृत्ती, तेच माप, सही असेल तर सहीवालीच, आणि गेल्या तीन ते पाच वर्षांतले निकाल. विकल्या गेलेल्या किमतीच धरा. दुकानात किंवा संकेतस्थळावर लावलेली किंमत ही फक्त विकणाऱ्याची अपेक्षा असते. ती वर्षानुवर्षं तशीच लटकत राहू शकते. न विकल्या गेलेल्या प्रतीही मोजा. बाजार थंड झाल्याची ती पहिली खूण.

प्रत्येक निकालासमोर प्रतीची तब्येत लिहा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वेगळा काढून त्यांचं कारण शोधा. उरलेल्यांचा मधला टप्पा हा तुमचा पाया.

मग कमिशनचा हिशोब. हातोडा १०० वर पडला, म्हणजे शेवटची बोली १०० ची झाली, तर घेणारा लिलावगृहाचं कमिशन धरून १२५ च्या पुढे मोजतो, आणि विकणाऱ्याच्या हाती त्याचं कमिशन, विमा, फोटो यांचे पैसे वजा जाऊन बऱ्याचदा ८५ ते ९० येतात. निकालांच्या याद्यांत कधी हातोड्याचा आकडा असतो, कधी कमिशनसकट. हे तपासल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नका.

एकाच प्रिंटच्या तीन किमती असू शकतात: विम्यासाठी, म्हणजे नवी आणायची तर गॅलरीत मोजावी लागेल ती सर्वांत जास्त, लिलावात अपेक्षित ती मधली, आणि गॅलरीवाला आज रोख देईल ती सर्वांत कमी. कुणी 'व्हॅल्युएशन' दिलं तर ते कशासाठी, हे आधी विचारा.

आणि एकही निकाल सापडला नाही तर? तर त्या कलाकाराचा पुनर्विक्रीचा बाजार सध्या नाही. बहुसंख्य लिमिटेड एडिशन प्रिंटची स्थिती हीच आहे. अशा वेळी गॅलरीतल्या किमतीवरून मनात इमले बांधू नका.

९. विकायची असेल तर

प्रिंट विकणाऱ्या दोन-तीन लिलावगृहांना एकच मजकूर पाठवा: कलाकार, शीर्षक, साल, तंत्र, कागदाचं आणि चित्राचं माप, क्रमांक, मालकीचा माग. फोटो पूर्ण कागदाचे पुढून-मागून, सहीचे, क्रमांकाचे, शिक्क्याचे आणि प्रत्येक दोषाचे, सगळे फ्रेमबाहेरचे. दोष लपवू नका. तो तिथे सापडणारच, आणि मग बाकीच्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. प्राथमिक अंदाज बहुतेक मोठी लिलावगृहं फुकट देतात. जो आधी 'नोंदणी फी' मागतो त्याला नमस्कार करा. जो किंमतही तोच ठरवतो आणि विकतही तोच घेतो, त्याचा आकडा एकटा धरू नका.

१०. ठेवायची असेल तर

यूव्ही अडवणारी काच, आम्लविरहित माउंट, काच आणि कागद यांत अंतर, थेट ऊन नाही, दमट भिंत नाही. संग्रहालयं कागदावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. घरी तेवढं जमत नाही, पण वर्षातले काही महिने प्रिंट उतरवून आडवी ठेवता येते. कागद वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने लटकवतात, बाकी कडा मोकळ्या सोडतात. फ्रेमवाल्याकडे देताना 'प्रिंट बोर्डाला चिकटवायची नाही, कडा कापायच्या नाहीत, जुनी लेबलं परत द्यायची' हे त्याच्या पावतीवरच लिहून घ्या.